अनुभव : पुरुषाचा पेशा आणि लोकांचा संशय

परिचर्या, नृत्य, रंगभूषा, विमानसेवा अशा क्षेत्रांत काम करणाऱ्या पुरुषांच्या लैंगिकतेविषयी लोक परस्पर तर्क बांधतात आणि थट्टेच्या नावाखाली ते खपवतातही. मराठी पडद्यावर नाच्या रंगवणारे गणपत पाटील संसारी गृहस्थ होते, तरी त्या भूमिकेचा शिक्का त्यांना पडद्याबाहेरही चुकला नाही. आपल्यावर असा शिक्का कोठे आणि कसा बसला, हे येथे लिहावे. ‘मी तसा नाही’ हे सिद्ध करण्याची मात्र कोणालाही गरज नाही.

परिचारक, सोलापूर
रुग्णालयात मला सगळे ‘ब्रदर’ म्हणतात. हर्नियाच्या शस्त्रक्रियेपूर्वी पुरुष रुग्णाच्या ओटीपोटाचे आणि जांघेचे केस काढण्याचे काम बहुधा माझ्याकडेच येते. पडदा ओढून मी हातमोजे चढवले की पायजम्याची नाडी मुठीत घट्ट धरून पुष्कळजण पहिला प्रश्न विचारतात, ‘ब्रदर, लग्न झालंय का?’ डॉक्टरांना हा प्रश्न कोणी विचारत नाही; वास्तविक तपासताना त्यांचा हातही तेथेच असतो. पूर्वी मी ‘हो, मुलगीही आहे’ असे सांगून सुटका करून घेत असे. आता ‘झालं असलं काय, नसलं काय, ब्लेड तेच आहे’ असे सांगतो. बहुतेकजण हसतात आणि नाडी सोडतात.

रंगभूषाकार, मुंबई
गावी आत्याने स्थळ आणले, तेव्हा ‘बायकांना रंग फासणारा’ एवढ्या माहितीवर मुलीच्या मामाने चौकशी सुरू केली, आणि ती माझ्या पगाराची नव्हती. हिंदी चित्रपटसृष्टीत संघटनेच्या नियमाने रंगभूषा अनेक वर्षे पुरुषांसाठीच राखून ठेवलेली होती आणि स्त्रियांना केशभूषेपुरताच प्रवेश होता. ही बंदी 2014मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बेकायदा ठरवली. मुंबईत ज्या कामावर पुरुषांनी इतका हक्क सांगितला, तेच काम करणारा पुरुष आमच्या तालुक्यात बायल्या ठरतो. मामांना हे सांगण्याची संधी मिळाली नाही.

कथक शिक्षक, पुणे
मुलींचे पालक आपसांत ‘सर तसे आहेत, काळजी नको’ म्हणतात आणि मुलांचे पालक त्याच समजुतीने मुलाचे नाव काढून घेतात. माझ्याशी मात्र कोणीच बोललेले नसते. लखनौ घराण्याचे बिंदादीन, अच्छन, शंभू, लच्छू आणि बिरजू महाराज हे सारे पुरुषच, असे एका वडिलांना सांगून पाहिले. ‘ते महाराज, त्यांचं वेगळं,’ असे उत्तर मिळाले.

विमान कर्मचारी
मी समलिंगी आहे, त्यामुळे माझ्या बाबतीत लोकांचा तर्क योगायोगाने खरा ठरतो, एवढेच. प्रवाशांनी टोमणा मारला की माझा सहकारी तावातावाने लग्नाची अंगठी दाखवतो. त्याचा राग मला कळतो. पण माझ्यासारखा समजले जाण्याची त्याला एवढी किळस वाटावी, हे शेजारी ट्रॉली धरून पाहणे जड जाते. 6 सप्टेंबर 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून वगळले, त्या रात्री मी थोरल्या भावाला फोन करून सारे सांगितले. ‘नोकरी बदलून बघ,’ तो म्हणाला. हे मला शाळेपासूनच ठाऊक आहे, असे मी म्हणताच त्याने विषय बदलला. बँकेच्या भरतीची जाहिरात आली की तो अजूनही मला पाठवतो.