नेव्हिल डिसूझा यांच्या चार गोलांचे मोल कसे ठरवावे?

नेरूळवासी:
मी नेरूळला संध्याकाळी शाळकरी मुलांना फुटबॉल शिकवतो. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये आपले सेंटर फॉरवर्ड नेव्हिल डिसूझा यांनी ऑस्ट्रेलियाविरुद्ध हॅटट्रिक केली आणि भारत ४-२ असा जिंकला, हे मी मुलांना सांगितले. त्यावर एका पालकांनी शंका काढली की, त्या स्पर्धेत अवघे ११ संघ होते आणि हंगेरीने माघार घेतल्यामुळे भारताला पहिली फेरी खेळावीही लागली नाही, मग या पराक्रमाचे एवढे कौतुक कशासाठी? मला नीट उत्तर देता आले नाही. जाणकारांनी कृपया सांगावे.

नौपाड्याचा वाचक:
पालकांची माहिती बरोबर आहे, निष्कर्ष मात्र पटत नाही. ऑलिंपिकमध्ये हॅटट्रिक करणारे ते पहिले आशियाई फुटबॉलपटू, म्हणून तेच तीन गोल सर्वांच्या लक्षात राहतात; माझ्या मते त्यांची खरी पारख चौथ्या गोलात होते. व्यावसायिक खेळाडूंना ऑलिंपिक बंद असल्याने पश्चिम युरोपचे संघ दुबळे उतरत, पण पूर्व युरोपातले कसलेले खेळाडू कागदोपत्री हौशीच असल्यामुळे त्यांना आडकाठी नव्हती. १९४८ आणि १९५२ ची रौप्यपदके जिंकलेल्या युगोस्लाव्हियाविरुद्ध उपांत्य सामन्यात ५२ व्या मिनिटाला डिसूझा यांनी गोल करून भारताला आघाडी मिळवून दिली. पुढे सामना ४-१ असा हातचा गेला आणि बल्गेरियाने ३-० ने हरवल्यामुळे कांस्यपदकही हुकले. तरीही प्रत्येकी चार गोल करून स्पर्धेत अव्वल ठरलेल्या तिघांत युगोस्लाव्हियाचे वेसेलिनोविच आणि बल्गेरियाचे मिलानोव्ह यांच्या बरोबरीने डिसूझा यांचे नाव आहे. त्यांना दुबळ्या प्रतिस्पर्ध्यांमुळे फावलेले खेळाडू कसे म्हणता येईल?

कळव्याचा जुना प्रेक्षक:
त्या काळी आपले खेळाडू खरोखरच हौशी होते, हेही मुलांना सांगा. गोव्यातल्या आसगावात जन्मलेले डिसूझा मुंबईत टाटांच्या संघातून खेळले आणि नंतर कॅल्टेक्स या तेल कंपनीच्या संघाकडे गेले. कॅल्टेक्सने १९५८ मध्ये मुंबईतल्या फुटबॉल स्पर्धेचा रोव्हर्स चषक जिंकला. माझे वडील ठाण्याहून लोकलने व्हीटीला उतरून कूपरेजच्या फुटबॉल मैदानापर्यंत चालत जात, आणि ज्यांचा खेळ पाहायला ते जात, त्या खेळाडूंना पगार मिळे तो कंपनीतल्या नोकरीचा.

नेरूळवासी:
दोघांचेही मनापासून आभार. मी आजवर हॅटट्रिकपाशीच थांबत होतो. या रविवारी युगोस्लाव्हियाविरुद्धच्या गोलापासून सुरुवात करतो आणि त्या पालकांनाही आवर्जून बोलावतो.