उत्तर: उत्तर: नाताळची आठ गाणी – पट्ट्या कुठे आहेत?

प्रेषक: आल्टो, मेलबर्न

सर्वांना जय ख्रिस्त. गाण्यांची यादी मिळाली, पट्ट्या (कुठलं गाणं कुठल्या सुराला ‘सा’ धरून गायचं) नाहीत. आम्ही सहा जण १९ तारखेला कोल्हापूरला पोचतोय. इकडे सगळी गाणी पांढरी दोनच्या (पेटीवरचा दुसरा पांढरा सूर हा ‘सा’) ट्रॅकवर बसवली आहेत. बदल असेल तर आजच कळवा, मागच्यासारखं वेदीपाशी कुजबुजत ठरवायला नको. सहा माईकचंही बघा.

प्रेषक: पेटी, कसबा बावडा

ताई, पांढरी दोन विसरा. पट्टी मंडळीच्या गळ्यावरून ठरते. गाण्यातला सगळ्यात उंच सूर शोधायचा आणि तो तार सप्तकातल्या पांढरी दोनच्या वर जाऊ द्यायचा नाही. पुरुष तोच सूर एक सप्तक खाली घेतात, त्यांनाही तिथवरच झेपतं. १ नंबरचं गाणं तार गंधारापर्यंत (वरच्या ‘ग’पर्यंत) जातं. तुमच्या ट्रॅकवर तो गंधार काळी तीनवर येतो. पहिल्या कडव्याला सगळे ओरडतील, दुसऱ्याला नुसते ओठ हलतील, तिसऱ्याला तुम्ही सहा जणच गात असाल.

पंचमापर्यंत (‘प’) चढणारी २, ३, ७ काळी तीनला. तार षड्जापर्यंतची (वरचा ‘सा’) ५, ६, ८ काळी एकला. तार गंधाराची १ आणि ४ खालच्या काळी पाचला, म्हणजे गंधार बरोबर पांढरी दोनवर बसतो. अर्ध्या सुराचीही घासाघीस नको, सकाळी साडेआठला गळे उघडलेले नसतात. मुंबईकरांनो, २४ च्या रात्री महालक्ष्मी पकडून सकाळी थेट गायला उभं राहायचं नाही. शेवटचा सराव २३ ला संध्याकाळी.

प्रेषक: तबला, राजारामपुरी

काका, काळी पाचला माझं काय करताय? माझा तबला काळी एकचा. काळी एकला तो षड्जात बोलतो, काळी तीनला पंचमात, काळी चारला मध्यमात (‘म’). तीन पट्ट्या एका तबल्यावर निघतात. काळी पाचला तोच सूर कोमल गंधार होतो आणि शुद्ध गंधाराच्या चालीत दर ठोक्याला खटकतो. गजऱ्यावर (कातड्याच्या कडेची वेणी) हातोडी मारून फार तर अर्धा सूर इकडेतिकडे. त्यापुढे गट्टे (बाजूचे लाकडी ठोकळे) सरकवायचे आणि कडेची सोळाही घरं परत सुरात मिळवायची, तोवर पाळकसाहेबांच्या सूचना संपून प्रार्थना सुरू झालेली असते. १ आणि ४ खालच्या काळी चारला घ्या. गंधार पांढरी एकवर येईल, मंडळीलाही सोपं.

प्रेषक: गिटार, डब्लिन

लई भारी. काळी एक, तीन, चार म्हणजे पहिल्या पडद्यावर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) आणि सी, एफ, जी हे आकार. एकदा लावला की शेवटपर्यंत हलवायचा नाही. फक्त एफसोबत बी फ्लॅट येतो, त्यात नवीन पोराचा हात भरून येतो. त्यानं काळी तीनच्या गाण्यांना चौथ्या पडद्यावर कॅपो लावून डी धरावा. कॅपो घट्ट बसला की तारा थोड्या चढतात, म्हणून लावल्यावर परत मिळवा.

प्रेषक: पेटी, कसबा बावडा

तबलजी, १ मान्य. ते षड्जाच्या खाली उतरत नाही म्हणून, नाहीतर काळी चारला बायकांचा आवाजच निघाला नसता. ४ ला मात्र जमणार नाही. ती चाल भूप रागाच्या वळणाची, त्यात मध्यम नाहीच. तिथे तबला मध्यमात घुमत राहिला की मंडळी त्यालाच षड्ज समजते आणि ध्रुवपद भलतीकडून उचलते. ४ काळी पाचलाच राहील. काळी पाचचा सहा इंची तबला आणा, नाहीतर नुसती टाळ आणि पेटी.

प्रेषक: तबला, राजारामपुरी

तसला तबला आहे, शाई (मधला काळा गोल) उडालीय. पुडी (वरचं कातडं) बदलून घेतो. नवी पुडी आठवडाभर रोज वाजवल्याशिवाय सुरात टिकत नाही, त्यामुळे हे आधी सांगायला हवं होतं. असो.

प्रेषक: कीबोर्ड, शाहूपुरी

सगळे मधला पांढरी सहा ४४० हर्ट्झचा धरून चाललेत. आपली पेटी ट्यूनरवर ४४३ दाखवते. फरक बारा सेंटचा (अर्ध्या सुराचे शंभर सेंट). एकटी ऐकली तर कळत नाही, पेटी आणि कीबोर्डवर तोच पांढरी सहा धरला की सेकंदाला तीन हेलकावे येतात. पेटीच्या आतले पितळी रीड रविवारी सकाळी घासता येत नाहीत, म्हणून मी मास्टर ट्यूनिंग ४४३ करतो. गिटार, तबला पेटीवरूनच मिळवा, मोबाईलवरून नको. ताईंचे ट्रॅक घरच्या सरावापुरते, चर्चमध्ये लावायचे नाहीत. ट्रान्स्पोजच्या (पट्टी बदलायच्या) बटणावर मी चिकटपट्टी लावलीय. ती कुणी काढू नये.

प्रेषक: आल्टो, मेलबर्न

पट्ट्या कळल्या. माईकबद्दल सगळे गप्प.

प्रेषक: कीबोर्ड, शाहूपुरी

तबल्याचे दोन, पेटीचा एक, पुढच्या गायकाचा एक, हे चार उघडेच असतात. चाराचे नुसते आठ झाले तरी शिट्टी (फीडबॅक) वाजण्याआधी मिळणारा आवाज ३ डेसिबलनी कमी होतो. मग गाणं मागच्या बाकापर्यंत पोचवायला मी आवाज वाढवणार आणि शिट्टी वाजणार. मॉनिटर (गायकांकडे तोंड असलेला स्पीकर) माईकच्या बरोबर पाठीमागे ठेवतोय, तिथून माईक सगळ्यात कमी ऐकतो. पण माईकची जाळी मुठीत धरली की तो चहूबाजूंनी ऐकायला लागतो, मग मॉनिटर कुठेही ठेवा.

प्रेषक: पेटी, कसबा बावडा

सहाही जण मंडळीत विखरून बसा. तिसरी ओळ, सहावी ओळ, दोन्ही कडा. शेजारी कुणी खात्रीनं गात असलं की माणूस तोंड उघडतो. नवीन पोरांना आपण पहिला महिना असंच बसवतो, दुसऱ्या महिन्यात सरावाला माईक, तिसऱ्यात रविवारी. पाहुण्यांसाठी नियम मोडला तर तीच पोरं मला विचारतील.

प्रेषक: आल्टो, मेलबर्न

म्हणजे आम्ही नवीन पोरं. बरं. पण ५ चा आल्टो (बायकांचा खालचा आवाज) मंद्र पंचमापर्यंत (खालच्या ‘प’पर्यंत) उतरतो, काळी एकला तो खालच्या काळी चारवर येतो. तिथे माईकशिवाय कुणाचाच आवाज पोचत नाही. तेवढ्या गाण्याला एक माईक हवा, दोघींत एक.

प्रेषक: कीबोर्ड, शाहूपुरी

५ ला मिळेल. आधी आणि नंतर बंद.

प्रेषक: तबला, राजारामपुरी

पुडी मंगळवारी चढतेय, ४४३ वरच लावतो. हातोडी पेटीच्या खोक्यात आहे, परत कुणी विचारू नका.