मदत हवी आहे: १६ ऑगस्टचा दिनविशेष, चिमूर-आष्टीच्या शहिदांची नावं

आमच्या जिल्हा परिषद शाळेच्या फळ्यावर रोज दिनविशेष लिहितो. १६ ऑगस्टला मोबाईलवर पाहिलं तं रामकृष्ण परमहंस १८८६, वाजपेयी २०१८, एवढंच येते, पण १९४२ ला 'चले जाव' आंदोलनात याच दिवशी, नागपंचमीला, चिमूर (जि. चंद्रपूर) आणि आष्टी (जि. वर्धा) दोन्हीकडे लोक पोलिसांसमोर उभे राहिले ते कुठंच नाही, आणि हे तं आपल्याच भागातलं आहे! चिमूरचे बालाजी रायपूरकर माहीत आहेत, बाकीची नावं पाहिजेत. गावच्या वाचनालयात पाहिलं, जुन्या मास्तरांनाही विचारलं, पूर्ण यादी नाही मिळाली. ऐकीव नावं नको, पोरं वहीत उतरवून घेतात. दोन्ही ठिकाणच्या शहीद स्मारकावरच्या नावांचा वाचता येईल असा फोटो कोणाकडे आहे का?