मदत हवी आहे: सराव पाठात टूल्स भरपूर, पण मुलं बोलतच नाहीत. कोर्स कसा बदलू?

नमस्कार मंडळी, जरा सविस्तर लिहितेय, कारण दोन ओळीत विचारलं की "अमुक अ‍ॅप वापरून बघा" अशी उत्तरं येतात आणि माझी अडचण नेमकी तिथेच आहे.

मी विद्यापीठात भाषा शिक्षक होणाऱ्यांना शिकवते. मराठी दुसरी भाषा म्हणून शिकवायची हा त्यांचा विषय आणि त्यातला डिजिटल साधनांचा पेपर माझ्याकडे आहे. आत्तापर्यंत दर आठवड्याला एक टूल असं चालायचं, कधी मूडल (ऑनलाइन वर्ग चालवायची प्रणाली), कधी एचफाइव्हपीवर व्हिडिओच्या मध्येमध्ये प्रश्न टाकणं, कधी एकाच डॉक्युमेंटवर गटाने लेखन. छात्राध्यापक हे सगळं पटापट शिकतात, त्यात काहीच अडत नाही.

अडतं कुठे ते एका छात्राध्यापिकेने मुलांना दिलेल्या सराव पाठावरून सांगते. घटक होता 'काल काय केलं', म्हणजे भूतकाळ. पाठ टाचण (पाठाची लेखी योजना) व्यवस्थित, स्लाइड्स छान, क्विझला घड्याळ काय, गुणफलक काय. पाठ २० मिनिटांचा. नंतर घरी रेकॉर्डिंग स्टॉपवॉच लावून बघितलं तर लॉगिन आणि कोड टाकण्यात साडेपाच मिनिटं, क्विझमध्ये आठ, आणि मुलांच्या तोंडून आलेली पूर्ण वाक्यं मोजून सहा. त्यातलं एक होतं "मी पुस्तक वाचलो". आता बघा, 'मी गेलो', 'मी बसलो' यावरून त्या मुलाने स्वतःच नियम काढला होता, फक्त 'वाचणे' सकर्मक आहे आणि भूतकाळात ते कर्माप्रमाणे बदलतं हे त्याला माहीत नव्हतं. त्या दिवशीचा अख्खा पाठ त्या एका चुकीवर उभा करता आला असता हो! पण शिकवणारी तेव्हा लॅपटॉपवर पुढची स्लाइड शोधत होती, ती "छान" म्हणाली आणि पुढे गेली. क्विझमध्ये त्याच मुलाने चार पर्यायांतून 'वाचलं' बरोबर निवडलं, म्हणजे नोंदीत त्याला भूतकाळ येतो.

तिचा राग नाही आला, वाईट मात्र फार वाटलं, कारण टूल नीट चाललं का याचे गुण मीच वर्षभर देत आलेय आणि मुलांचं बोलणं ऐकलं का याला माझ्या गुणपत्रिकेत रकानाच नाही. मिश्रा आणि कोलर यांचं २००६ चं टीपॅक मॉडेल, म्हणजे शिक्षकाला लागणाऱ्या ज्ञानाचं मॉडेल, दरवर्षी शिकवते, आशय, अध्यापन आणि तंत्रज्ञान अशी एकमेकांत गुंतलेली तीन वर्तुळं. आकृती सगळ्यांना काढता येते, पण टाचण लिहायला बसले की पहिलं वाक्य "मी अमुक अ‍ॅप वापरणार आहे" हेच!

तर विचारायचं असं की तुमच्यापैकी कोणी असा पेपर टूलपासून सुरू न करता भाषेच्या अडचणीपासून सुरू केलाय का? आणि स्वतःच्या पाठाचा व्हिडिओ दाखवला की सगळे आपला आवाज आणि हातवारेच बघत बसतात, त्यांचं लक्ष मुलांच्या बोलण्याकडे कसं वळवायचं? चॅटबॉटकडून टाचण लिहून आणणारेही आता बरेच आहेत, त्यांचं काय करता?

प्रतिसाद १
ताई, पूर्ण व्हिडिओ दाखवूच नका. तीन मिनिटांचा तुकडा घ्या आणि त्यातलं प्रत्येक वाक्य हाताने उतरवून काढायला लावा, अडखळणं, गप्प बसणं सगळं धरून. आम्ही एलान वापरतो, रेकॉर्डिंगमधलं बोलणं उतरवून नोंदी करायचं सॉफ्टवेअर, फुकट आहे, शिक्षकाची एक ओळ आणि मुलांची एक ओळ वेगळी ठेवता येते, त्यामुळे कोण किती बोललं ते डोळ्यांना दिसतं. प्रश्न विचारल्यावर आपण किती वेळ थांबतो तेही मोजायला सांगा. शिक्षण संशोधक मेरी बड रो यांनी १९७४ साली मांडलं होतं की शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात, आणि तीन सेकंद थांबले की मुलांची उत्तरं लांबतात. हे वाचून कोणालाच पटत नाही, स्वतःच्या पाठात मोजलं की पटतं. रेकॉर्डिंगला मुलांची आणि पालकांची संमती तेवढी आधी घ्या.

प्रतिसाद २
चॅटबॉटवर बंदी घालून उपयोग नाही असं माझं मत. मी टाचण त्याच्याकडूनच काढायला लावतो, मग विचारतो की या घटकात मुलं कुठे चुकतील ते यात कुठे लिहिलंय? बहुतेक वेळा नसतंच. मग प्रत्येकाने खऱ्या मुलांची पाच चुकीची वाक्यं गोळा करून आणायची आणि टाचण त्यावरून पुन्हा लिहायचं. तुमचं 'वाचलो' पहिल्या तासाला फळ्यावर लिहा.

धागाकर्ती
दोघांचेही मनापासून आभार. चुकीच्या वाक्यांचं फारच पटलं, टाचणाची पहिली ओळ आता तीच ठेवते, मुलं काय चुकतात ते आधी आणि टूल लागलंच तर त्यानंतर. प्रतिसाद १ ला एक विचारायचंय, तीन मिनिटं उतरवायला तुमच्या छात्राध्यापकांना साधारण किती वेळ लागतो? माझ्याकडे दोन तासिका सलग आहेत, तेवढ्यात बसेल की घरी द्यावं लागेल?