मदत हवी आहे: विहिरीतली मोटर सुरू होताच ट्रिप होते
नमस्कार मंडळी. घरच्या विहिरीत १ एचपीची सिंगल फेज सबमर्सिबल (पाण्यात बुडवून चालणारी पंपाची मोटर) आहे. हिरवं बटण दाबलं की अँमीटरचा काटा २० अँपिअरच्या पुढे जातो आणि तिथेच अडकून राहतो. काही सेकंदांत ओव्हरलोड (जादा करंट आला की मोटर बंद करणारा स्विच) उडतो. पूर्वी काटा उसळून लगेच ८ वर यायचा.

रन कपॅसिटर (मोटर चालू असताना जोडलेला राहणारा) तपासला, ३६ मायक्रोफॅरडचा ३५ दाखवतो, म्हणजे ठीक. स्टार्ट कपॅसिटर (फक्त सुरू होताना जोर देणारा) फुगला होता, नवा बसवला, फरक शून्य. मेन बंद करून केबल सोडवली आणि वायंडिंगचा (मोटरमधल्या तारांच्या गुंडाळीचा) रोध मोजला: रन व स्टार्टच्या रोधांची बेरीज तारांच्या तिसऱ्या जोडीच्या रोधाशी जुळते. ५०० व्होल्टच्या मेगरवर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) अर्थशी २ मेगाओहमच्या वर. वायंडिंग जळलेलं नाही, असं मला ठामपणे वाटतं.

खटकतंय ते व्होल्टेज. एरवी २२८, पण बटण दाबताच स्टार्टरवर १८० पर्यंत कोसळतं. हे लाइनमधल्या ढिल्या जोडामुळे, की गाळ अडकून पंप जाम झाल्यामुळे? मोटर वर न काढता हे कसं ओळखायचं? पाइप, दोर, केबल सगळं उपसायचं म्हणजे दिवसभराचं काम, आणि घरात म्हातारी माणसं पोहऱ्याने पाणी शेंदतायत. अनुभवी लोकांनी कृपया सांगा.