हेप्टेननं कितीही धुतलं तरी अ‍ॅस्फाल्टीनमधून पिवळं का निघतं?

रसायन_नांदेड
एम.एस्सी.च्या प्रोजेक्टसाठी व्हीजी-३० या रस्त्याच्या डांबरातून अ‍ॅस्फाल्टीन वेगळं करायलेय. ग्रॅमला ४० मिली हेप्टेन हे द्रावक घातलं, रात्रभर ठेवलं, गाळलं. काळी-तपकिरी भुकटी मिळाली. वरून गरम हेप्टेननं धुतली की खाली अगदी स्वच्छ यायलंय, पण तीच भुकटी रात्रभर हेप्टेनमध्ये भिजत ठेवली की सकाळी परत पिवळसर. हेप्टेनमध्ये विरघळत नाही आणि टोल्यूइनमध्ये विरघळतं ते अ‍ॅस्फाल्टीन, अशी तर व्याख्याच आहे. मग हा रंग कशाचा? सर म्हणतात, धूत राहा. कुठवर?

परभणीकर
ताई, हे निरीक्षण तारखेनिशी वहीत लिहा. तुमच्या प्रोजेक्टमधली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच आहे. मी मेहसाण्याकडे जड तेलाच्या नमुन्यांवर बरीच वर्षं काम केलंय, त्यावरून सांगतो.

अ‍ॅस्फाल्टीनचा रेणू फार मोठा नसतो. सरासरी रेणुभार ७५० च्या आसपास धरतात. मधे सातेक कड्या जोडून झालेला सपाट भाग, कडेला कार्बनच्या साखळ्या. हे सपाट भाग एकमेकांवर चढतात, साधारण सहा रेणूंची दोन नॅनोमीटरची थप्पी होते आणि थप्प्यांचे पुन्हा पुंजके होतात. हेप्टेन ओतलं की सगळं एकदम खाली बसतं आणि बसताना शेजारचं रेझिन (हेप्टेनमध्ये विरघळणारा जड, चिकट भाग), मेण, साधे अल्केन (कार्बन-हायड्रोजनच्या साखळ्या) यांनाही सोबत घेतं. कडब्याची गंजी रचताना आत दावं राहिलं तर वरून झटकून निघत नाही, पेंढ्या उपसाव्याच लागतात.

तुमचं पिवळं बहुतेक रेझिन आहे, आणि ते दोन ठिकाणी आहे. पृष्ठभागाला चिकटलेलं सॉक्सलेटमध्ये, म्हणजे तेच द्रावक उकळून पुन्हा पुन्हा धुणाऱ्या उपकरणात, गरम हेप्टेननं निघेल, वेळ लागेल. आत कोंडलेलं नुसत्या धुण्यानं नीट निघत नाही, कारण हेप्टेन पुंजका उघडतच नाही. त्यासाठी भुकटी टोल्यूइनमध्ये पूर्ण विरघळवा आणि पुन्हा हेप्टेननं पाडा. एवढं करूनही थोडं आत राहतंच. ते सोडवायला संशोधक हायड्रोजन पेरॉक्साइड आणि अ‍ॅसेटिक आम्लानं सौम्य ऑक्सिडीकरण करतात. ते मात्र सर शेजारी उभे असल्याशिवाय करू नका.

एवढा खटाटोप कशासाठी, तर जिवाणूंनी खाल्लेल्या जड तेलाचा क्रोमॅटोग्राम, म्हणजे घटक वेगळे करून काढलेला आलेख, बघा. अल्केनची टोकं गायब, नुसतं कुबड उरलेलं. त्याच तेलाचं अ‍ॅस्फाल्टीन उघडलं की आतून अल्केनची ओळीनं टोकं निघू शकतात. जिवाणू तिथवर पोचलेलेच नसतात! तेल कोणत्या प्रकारच्या खडकातून आलं हे सांगणारे होपेन आणि स्टेरेन हे प्राचीन जीवांच्या खुणा असलेले रेणूही आत तसेच सापडतात. मला हे आजही विलक्षण वाटतं.

जालना_रस्ते
एक भर घालतो. व्हीजी-३० हे रिफायनरीतून ऊर्ध्वपातन होऊन आलेलं असतं, त्यामुळे कच्च्या तेलाचे निष्कर्ष जसेच्या तसे लावू नका. आणि नमुना कुठून घेतलाय? हॉट मिक्स प्लांटच्या टाकीत दिवसेंदिवस तापत पडलेल्या डांबराचं ऑक्सिडीकरण होतं, अ‍ॅस्फाल्टीन वाढतं, पेनिट्रेशन (डांबरात सुई किती शिरते ते माप) उतरतं. सीलबंद ड्रममधला घ्या.

रसायन_नांदेड
नमुना ड्रममधलाच आहे. परभणीकर सर, अजून एक. कोंडायची जागा एका रेणूच्या आत असते का पुंजक्यात?

परभणीकर
यावर वाद आहे. एक गट रेणूला बेट म्हणतो, म्हणजे मधे एकच सपाट भाग; दुसरा द्वीपसमूह, म्हणजे लहान सपाट भाग साखळ्यांनी जोडलेले. आयबीएमच्या झ्युरिकजवळच्या प्रयोगशाळेतून २०१५ मध्ये अणुबल सूक्ष्मदर्शकाखाली शंभरावर रेणू एकेक करून पाहिल्याचं काम प्रसिद्ध झालं, त्यात बहुतेक बेटं निघाली. पण मरे ग्रे आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये मांडलं होतं की नुसत्या थप्प्यांनी भागत नाही, हायड्रोजन बंध, आम्ल-अल्कली ओढ आणि धातूंचे बंधही मिळून पोकळ्या तयार करतात. मी स्वतः कोंडण्याची जागा रेणूंच्या मधे धरतो. द्वीपसमूहवाल्यांचं म्हणणं तेवढ्यानं खोडलं जात नाही.

तुम्ही तीनदा विरघळवून पाडा आणि दर वेळी भुकटी सुकवून वजन घ्या. घट कमी कमी होत गेली की आलेख काढून सरांना दाखवा, "कुठवर"चं उत्तर तुमच्याच आकड्यांत मिळेल. प्रत्येक वेळचं हेप्टेन वेगळ्या बाटलीत ठेवा, एकत्र ओतू नका. टोल्यूइनचं काम फ्यूम हूडमध्येच.