शब्दचर्चा: 'स्क्रीनिंग'ला चाळणी म्हणावं की नाही?

गवती चहा: आरोग्यावरच्या एका अंकासाठी लेख मराठीत आणतेय. अमेरिकेतल्या दवाखान्यांत दारू-ड्रग्जबद्दल काही ठरावीक प्रश्न विचारतात. स्पॅनिश बोलणाऱ्या रुग्णांवर ते तितकेच लागू पडतात का, हे कसं तपासतात असा विषय आहे. 'स्क्रीनिंग'ला मी 'चाळणी' लिहिलं आणि 'व्हॅलिडेशन'ला 'प्रमाणीकरण'. संपादकांनी दोन्हींवर लाल रेघ मारली. चाळणी म्हणे स्वयंपाकघरातली! पण खुद्द स्पॅनिशमध्ये तरी काय आहे? स्पेनमध्ये 'क्रिबादो', लॅटिन अमेरिकेत 'तामिसाखे'. क्रिबा काय नि तामिस काय, दोन्ही चाळण्याच. त्यांना चालतं, मग आपल्याला का नाही?

तिरकी रेघ: 'छाननी' हा चांगला रुळलेला शब्द असताना चाळणी कशाला?

खारी बिस्कीट: छाननी उमेदवारी अर्जांची. तिथे अर्ज बाद होतो. इथे कुणी बाद होत नाही, अडकलेल्याला सविस्तर मुलाखतीला बसवतात आणि निदान तिथे होतं.

तिरकी रेघ: चाळणीत पीठ खाली पडतं, वर राहतो तो कोंडा. रुग्णाला कोंडा म्हणणार का? त्यापेक्षा 'रोळणे' घ्या.

खारी बिस्कीट: म्हणजे कोंड्याऐवजी खडा. प्रगती आहे.

अर्धा कप: चाळणीच हवी, आणि ती तिच्या भोकांसाठी. जागतिक आरोग्य संघटनेची 'ऑडिट' घ्या. दारूबद्दल १० प्रश्न, कमाल गुण ४०, आणि धोक्याची रेघ साधारण ८ वर. रेघ खाली आणली की भोकं बारीक होतात, मग कधीमधी घेणाराही अडकतो. वर नेली की खरोखर अडचणीतला निसटतो. मैद्याच्या चाळणीने रवा चाळला तर सगळा वरच राहणार. एका धान्यासाठी बांधलेली चाळणी दुसऱ्याला चालते का, ते बघणं म्हणजे व्हॅलिडेशन. 'प्रमाणीकरण' हे स्टँडर्डायझेशन झालं. व्हॅलिडिटीला शिक्षणशास्त्रात 'सप्रमाणता' आहे.

गवती चहा: सप्रमाण म्हणजे प्रमाणबद्ध असंही वाटतं ना? सप्रमाण बांधा वगैरे.

तिरकी रेघ: शिवाय तुम्ही सगळे सर्रास 'ड्रग्ज' लिहिताय. 'अमली पदार्थ' म्हणा. आणि 'अमली'च, 'अंमली' नव्हे. मूळ अरबी 'अमल', त्यात अनुस्वार नाही.

खारी बिस्कीट: मराठीत 'अंमल' झाला त्याला शतकं लोटली. पेशव्यांचा अंमल आणि दारूचा अंमल, दोन्ही अनुस्वारासकटच चढले. आणि 'ड्रग्ज' आत्ता मोडीत काढू नका, कारण खरी गोची त्याच शब्दात आहे. इंग्रजी 'ड्रग' म्हणजे औषधही आणि नशेचा पदार्थही. स्पॅनिश 'द्रोगा' बहुतेकांच्या कानाला फक्त नशेचा. (कोलंबियात 'द्रोगेरिया' म्हणजे औषधांचं दुकान, पण तो अपवाद.) 'डास्ट-१०' ही ड्रग्जबद्दलची प्रश्नावली. तिचा पहिला प्रश्न आहे: वैद्यकीय कारणासाठी लागतात त्यांव्यतिरिक्त ड्रग्ज घेतलीत का? शब्दशः 'द्रोगास' घातलं, तर आईला लिहून दिलेल्या वेदनाशामक गोळ्या खाणारा माणूस प्रामाणिकपणे 'नाही' म्हणतो.

अर्धा कप: आणि उलट-भाषांतरात हे सापडत नाही! 'द्रोगास'चं परत 'ड्रग्ज' होतं, तपासणारा खूश. दुसरा खड्डा 'सिन रेसेता', म्हणजे चिठ्ठीविना. त्याने डोक्यात येते दुकानातून सहज मिळणारी ॲस्पिरिन. इथे 'नाही'ऐवजी खोटा 'हो' मिळतो. म्हणून नुसतं भाषांतर पुरत नाही. दोघांनी स्वतंत्र भाषांतर करायचं, दोन्ही जुळवून एक मसुदा करायचा, मूळ न पाहिलेल्यांकडून तो परत इंग्रजीत आणायचा, मग जाणकारांची समिती. त्यानंतर ३०-४० जणांना प्रश्न देऊन विचारायचं: 'याचा अर्थ तुमच्या शब्दांत सांगा.' ॲस्पिरिन इथे पकडली जाते. शेवटी मोठ्या गटावर प्रश्नावलीचे गुण आणि निदानाची मुलाखत ताडून बघायची. जमल्यास लाळेची तपासणीही.

गवती चहा: 'केज' या दारूबद्दलच्या प्रश्नावलीत अडकलेय. चार प्रश्न, त्यातला चौथा 'आय-ओपनर'. सकाळी उठल्या उठल्या, हात स्थिर व्हावेत किंवा हँगओव्हर जावा म्हणून घेतलेला घोट. मराठीत?

खारी बिस्कीट: उतारा! तयार शब्द आहे. मेक्सिकोतही तसंच, 'कुरार्से ला क्रूदा', हँगओव्हर बरा करणं. पण 'क्रूदा' मेक्सिकोची. कोलंबियात 'ग्वायाबो' म्हणजे पेरूचं झाड, व्हेनेझुएलात 'रातोन' म्हणजे उंदीर, मध्य अमेरिकेत 'गोमा', इक्वाडोरमध्ये केचुआतून आलेला 'चुचाकी'. 'रेसाका' बरीचशी सगळीकडे कळते, पण ती पुस्तकी. एकाच दवाखान्यात हे सगळे येतात. तुम्ही कोणता शब्द छापाल?

तिरकी रेघ: उतारा म्हणजे विषावरचा, नजर लागल्यावरचा, किंवा सातबाराचा. हँगओव्हरला 'खुमारी' म्हणा. अरबी-फारसीत 'खुमार' म्हणजे नशा उतरतानाची डोकेदुखीच.

अर्धा कप: 'गाण्याची खुमारी' म्हणजे गाण्याने डोकं दुखतं का? मूळ अर्थ गेला तो गेला. उताऱ्यावर माझा आक्षेप वेगळा आहे. लग्नात एकदाच जास्त झालेलाही दुसऱ्या दिवशी उतारा घेतो. रोज पिणाऱ्याचे सकाळी हात थरथरतात ते दारू तुटल्यामुळे. प्रश्नाला दोन्ही हवेत, पण नुसता 'उतारा' लिहिलात तर पहिलाच जास्त अडकेल. थरथर शब्दांत आली पाहिजे.

खारी बिस्कीट: मान्य. मापाचंही बघा. 'ऑडिट'च्या पुस्तिकेत एक 'ड्रिंक' म्हणजे १० ग्रॅम अल्कोहोल, अमेरिकेत १४. मेक्सिकोची 'कागुआमा' ही बिअरची बाटली ९४० मिलीची. ४.५ टक्क्यांनी तिच्यात ३३ ग्रॅमच्या आसपास. 'किती घेता?' 'एक.' झाले गुण चुकले. आपल्याकडे १८० मिलीची क्वार्टर ४२.८ टक्क्यांनी ६० ग्रॅमच्या वर जाते, म्हणजे 'ऑडिट'च्या तिसऱ्या प्रश्नातली 'एका बैठकीत सहा ड्रिंक्स'. माणूस मात्र सांगतो, 'एकच मारली.'

तिरकी रेघ: 'ऑडिट' सहा देशांत पारखून काढली, त्यात मेक्सिको होता. मग स्पॅनिशवर एवढी चर्चा कशाला?

अर्धा कप: मेक्सिकोत पारखलेली चाळणी न्यूयॉर्कमधल्या डोमिनिकन माणसाला आपोआप चालत नाही. शिवाय 'बेकायदा' शब्द. गांजा कॅलिफोर्नियात २०१६च्या मतदानापासून प्रौढांना कायदेशीर, त्यामुळे 'बेकायदा ड्रग्ज'च्या प्रश्नातून तो गळतो. आणि कागदपत्रं नसलेल्या माणसाला 'इलेगाल' ऐकताच तो आपल्याबद्दलच वाटतो.

गवती चहा: सगळं टिपून घेतलं. 'व्हॅलिडेशन' तेवढं राहिलं. लेख उद्या द्यायचाय. 'सप्रमाणता-पडताळणी' लिहू?

खारी बिस्कीट: नुसतं 'पडताळणी' लिहा.

अर्धा कप: पडताळणी व्हेरिफिकेशनला गेली हो.

तिरकी रेघ: पण 'अमली'त अनुस्वार नको.